साडेदहाला नेट जातं

५ जानेवारी, सोमवार

पुन्हा गेलं! दहा पन्नासला. ईश्वरी मीटिंगमध्ये बोलत होती, वाक्य अर्ध्यात तुटलं. पुण्याची विम्याचे दावे तपासणारी कंपनी सोमवारी आणि गुरुवारी साडेदहाला सगळ्यांना पडद्यावर एकत्र बसवते, आणि नेमकी इथं नांदूरघाटात घरून काम करणारी आमची लेक गायब! दार उघडून बाहेर आली.

‘‘अप्पा, गेलं का?’’

‘‘गेलं.’’

दुसरं काय सांगणार.

राऊटरला हात लावून पाहिला. तवा! वर भाकरी टाकली असती तर शेकून निघाली असती. कंपनीला फोन केला. एक दाबा, तीन दाबा, नऊ दाबा. पंचवीस मिनिटं पेटीचं संगीत. मग एक बाई — सर, एकदा बंद करून चालू करा. अहो, तीन आठवडे दुसरं काय करतोय मी! तीस वर्षं वर्तमानपत्रात काढली, रात्रीचं पान कधी एक मिनिट उशिरा सोडलं नाही. या लोकांना ‘वेळ’ हा शब्द कोणी शिकवलाय की नाही?

आजपासून प्रत्येक वेळ लिहून ठेवणार. कधी गेलं, किती वेळ, कोणाशी बोललो. पुराव्याशिवाय भांडायचं नाही.

६ जानेवारी

आज यंत्राची चूक नाही. उसाच्या ट्रॉलीने तारच तोडली. दोन खांबांमधली तार इतकी खाली लोंबते की उभा माणूस तिच्यावर टॉवेल वाळत घालील. ट्रॉली ती ओढत चौकापर्यंत घेऊन गेली. ड्रायव्हरला थांबवलं तर म्हणतो, ‘‘मी काय करू अप्पा, तुमची तार खाली हाय, माजा ऊस वर हाय.’’

संध्याकाळी केजहून पप्पू आला. कंपनीचा या भागातला एकुलता एक माणूस. चाळिशीचा, पोट पुढे, गाडीला तारेचं भेंडोळं. पाऊण तासात जोडून गेला. चहा घेतला नाही. ‘‘अजून सतरा घरं बंद हायत,’’ म्हणाला. सतरा घरांना एक माणूस!

८ जानेवारी, गुरुवार

दहा पस्तीसला गेलं, दहा पंचावन्नला आलं. तेवढ्यात जे व्हायचं ते झालं. ईश्वरीच्या साहेबाने नंतर फोन करून सांगितलं — मार्चपासून सगळ्यांनी पुण्याच्या ऑफिसात यायचं. घरून काम फक्त त्यांनाच, ज्यांचं नेट भरवशाचं आहे. सोळा फेब्रुवारीच्या मीटिंगपर्यंत बघणार, मग ठरवणार.

म्हणजे एका डबीवर माझ्या लेकीचं घरात राहणं ठरणार!

ईश्वरीची आई, दानम्मा, पोळी लाटता लाटता म्हणाली, ‘‘मग जाऊ द्या की पुण्याला.’’ जाऊ द्या! माझ्या बायपासला सव्वा वर्ष झालं. तेव्हा पोरगी आली, औषधांचं वेळापत्रक तिने भिंतीला लावलं, राहिली. ती राहावी म्हणून गल्लीत पहिली फायबर मी घेतली. सोमेश्वरच्या दुकानात चार जणांसमोर म्हणालो होतो, पुण्याला असं काय आहे जे इथं नाही? आता ते चौघे मलाच विचारतील.

सोळा फेब्रुवारी. डेडलाइन मला नवी नाही.

१२ जानेवारी, सोमवार

नवा राऊटर! सहा फोन, दोन ईमेल आणि ‘ग्राहक मंचात जाईन’ हे एक वाक्य — तेव्हा कुठे. पप्पूने जुना उघडून दाखवला. आत धूळ आणि एक मेलेली पाल. ‘‘टीव्हीच्या मागं कोंबलं होतं तुमी, हवा लागंना त्याला. माणूस असता तर कवाच बोंबलला असता.’’ स्वयंपाकघर आणि ईश्वरीची खोली यांच्या मधल्या बोळात, बटणांच्या वर फळी ठोकून नवा बसवला. लाईट गेली तरी इन्व्हर्टर आहेच.

हिरवा दिवा. दिवसभर हिरवाच. ईश्वरीला म्हटलं, ‘‘आता कोण हलवतंय तुला बघू!’’ हसली.

१४ जानेवारी

संक्रांत. साप्ताहिक सदर पाठवलं, तिळगूळ तोंडात विरघळायच्या आत पोचलं.

१५ जानेवारी, गुरुवार

दहा एक्केचाळीस. गेलं!! नवा राऊटर, तीन दिवसांचा!

ओट्यावर उन्हात पेपर वाचत होतो. आतून हाक — ‘‘अप्पा, गेलं का?’’ आत जाईपर्यंत दिवे एकेक करून पुन्हा लागत होते. मिनिटभराचाच खेळ. पण मीटिंगमधून बाहेर पडायला मिनिट पुरतं.

१९ जानेवारी, सोमवार

दहा अडतीस. तक्रार क्रमांक घेतला. अकरा आकडी. गावची लोकसंख्या मोजायला एवढे आकडे लागत नाहीत.

२० जानेवारी

कमाल आहे! सकाळी मेसेज — आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे, सेवेला तारे द्या. कोण आलं? कोणी केलं निराकरण? कोणी फिरकलंसुद्धा नाही! कंपनीला झापलं तर म्हणतात, तुमच्याकडून ओटीपी मिळाला, म्हणून तक्रार बंद केली. मी दिला नाही. मग लक्षात आलं, कनेक्शन ईश्वरीच्या नावावर, ओटीपी तिच्या मोबाईलवर. विचारलं.

‘‘कंपनीचा माणूस फोनवर फारच गयावया करत होता अप्पा. तक्रार उघडी राहिली तर त्याचा पगार कापतात म्हणे. दिला.’’

मन मऊ आहे पोरीचं. असल्या मऊपणावरच या कंपन्या चालतात! पुन्हा तक्रार केली. पुन्हा अकरा आकडे.

२२ जानेवारी, गुरुवार

दहा चव्वेचाळीस. एक मिनिट.

२६ जानेवारी, सोमवार

सुट्टी. मीटिंग नाही. सकाळी झेंडावंदन, दुपारी गाणी, संध्याकाळी मुंबईच्या नातवाशी तासभर व्हिडिओवर. एकदाही गेलं नाही! प्रजासत्ताक दिनाला यंत्रसुद्धा शिस्तीत वागतं आणि कामाच्या दिवशी दगा देतं. हे सरकारी खात्यातून शिकलं असणार.

२९ जानेवारी, गुरुवार

दहा तेहतीसला गेलं. पप्पूला फोनवर असा काही बोललो की बाराला दारात हजर. चेहरा पडलेला. बसला, राऊटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘‘अप्पा, तार तुटली तर लाल दिवा लागतो. तुमच्यात लाल लागतो का?’’

‘‘नाही. सगळे विझून पुन्हा लागतात.’’

‘‘मग तार चांगली, राऊटर बी चांगलं. लाईट जातीय त्याची.’’

‘‘घरात पंखा चालू असतो, आणि याचीच लाईट जाते?’’

त्याने अडॅप्टर बदलला. जाताना बूट घालत म्हणाला, ‘‘राग मानू नका, पन घरात कोनी बटन तर दाबत न्हाई ना, बगा.’’

राग मानू नका! घरात मी, दानम्मा आणि ईश्वरी. मी ओट्यावर असतो. दानम्माला टीव्हीचा रिमोटसुद्धा दुसऱ्याने लावून द्यावा लागतो. आणि ईश्वरीचीच तर मीटिंग! स्वतःचं काम होत नाही म्हणून गिऱ्हाईकाच्या घरावर बोट! चहा सांगितला होता, तो मीच पिऊन टाकला.

२ फेब्रुवारी, सोमवार

दहा छत्तीस. नव्या अडॅप्टरसह!

५ फेब्रुवारी, गुरुवार

दहा एक्केचाळीसला गेलं. दुपारी कंपनीचा ईमेल. वाचून कानशिलं तापली, दानम्माने बीपीची गोळी आणि पाणी पुढं केलं.

त्यांनी राऊटरची नोंद काढली आहे. म्हणे, यंत्रातच लिहिलेलं असतं. पंधरा जानेवारीपासून सहा वेळा बंद. सहाही वेळा ‘वीजपुरवठा खंडित’, पन्नास ते सत्तर सेकंद, ‘ग्राहकाच्या बाजूने’. सबब कंपनी जबाबदार नाही.

ग्राहकाच्या बाजूने! म्हणजे माझ्या घराने! जुन्या राऊटरमध्ये पाल मेली तेव्हा ही नोंद कुठं होती? तार टॉवेल वाळवायच्या उंचीवर बांधली, ती कोणाच्या बाजूने? सतरा घरांना एक पप्पू, तो कोणाच्या बाजूने? नाही, हे असं सोडायचं नाही. सविस्तर पत्र लिहिणार. कंपनीला, ग्राहक मंचाला, आणि आमच्या पेपरलाही.

८ फेब्रुवारी

सोमेश्वरच्या दुकानात साखर आणायला गेलो, त्याने टोमणा मारलाच. ‘‘काय अप्पा, तुमचं राऊटर सोमवार धरतंय म्हनं?’’

‘‘गुरुवारीही जातं,’’ मी म्हटलं.

‘‘मग लईच भाविक हाय की. बाकीच्या दिवशी जेवतं ना नीट?’’

सगळे हसले. मी हसलो नाही. सोळा तारखेला आठ दिवस राहिलेत.

११ फेब्रुवारी, बुधवार

पत्राला बसलो. आधी तक्ता. तारीख, वार, वेळ, किती सेकंद. सगळं या वहीतून उतरवलं. माझ्या नोंदी आणि कंपनीची नोंद शेजारी ठेवली. मिनिटाचाही फरक नाही. चुकीची म्हणून फाडायची होती ती नोंद, तंतोतंत बरोबर निघाली.

मग तक्ता पुन्हा वाचला, उपसंपादक वाचतो तसा. गुरुवार, सोमवार, गुरुवार, गुरुवार, सोमवार, गुरुवार. सगळं साडेदहा ते पावणेअकरा. बुधवारी माझं सदर जातं, एकदाही अडलं नाही. रविवारी सामना, अडलं नाही. सव्वीस जानेवारीला सोमवार होता. अडलं नाही.

बातमीत आधी बघायचं — काय, कुठं, कधी, कोणी. नव्या पोरांना हेच शिकवत आलो. माझ्या तक्त्यात ‘कोणी’चा रकानाच नव्हता. मला वाटलं होतं, तो कंपनीचा आहे.

पत्र अर्धं ठेवलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज ओट्यावर बसलो नाही. स्वयंपाकघरात हरभऱ्याचे घाटे सोलत बसलो. तिथून बोळ सरळ दिसतो.

दानम्मा म्हणाली, ‘‘आज कावून आत बसलाव?’’

‘‘बाहेर ऊन फार आहे.’’

‘‘फेब्रुवारीत?’’

दहा चाळीसला ईश्वरीचं दार उघडलं. बोळात दोन पावलं आली. मला पाहिलं. थांबली. मग माठाकडे जाऊन पाणी प्यायली, ‘‘घाटे कोवळे आहेत का अप्पा?’’ विचारलं, आणि परत गेली. दार लागलं.

नेट गेलं नाही. मीटिंगभर हिरवा दिवा.

घाटा सोलायचा तसाच हातात राहिला. दानम्माकडे पाहिलं. ती माझ्याकडेच पाहत होती.

‘‘तुला माहीत होतं?’’

‘‘माजं सैपाकघर हितंच हाय. मला डोळे हायत.’’

‘‘मग मला सांगायचं नाही? महिनाभर मी त्या पप्पूला शिव्या घालतोय!’’

‘‘तिनं सांगायचं तर तुमच्या तोंडाकडं बगून सांगवंना. कंपनीनंच बोलावलं म्हनलं की तुमाला राग कंपनीचा येतो, तिचा येत न्हाई.’’

मी चिडलो. आवाज चढला असता, पण दार जवळ होतं. दबक्या आवाजात म्हटलं, इथं तिला काय कमी आहे? खोली आहे, नेट आहे, हातात ताट येतं!

दानम्माने गॅस बारीक केला. ‘‘तिकडं गाण्याचा क्लास होता तिचा, ध्यानात हाय? हितं मोबाईल लावून बारीक आवाजात म्हनती. अप्पांची झोप मोडू न्हाई म्हनून. सव्वा वर्ष झालं.’’ मग घाट्यांची परात माझ्या पुढून ओढून घेतली. ‘‘तुमी बरे झालाव, हे तिला सांगायचं कोनी?’’

हे लिहितानाही राग आहे. कोणावर ते लिहिता येत नाही.

१३ फेब्रुवारी

पप्पूला फोन केला. म्हटलं, तुझं बरोबर होतं. पलीकडून, ‘‘अप्पा, तुमीच बोलताव ना?’’

१५ फेब्रुवारी

शिवरात्र. उपवास. देवपूजा झाल्यावर ईश्वरीला म्हटलं, एखादं म्हण. म्हणाली. पहिली ओळ बारीक आवाजात, सवयीने. ‘‘मोठ्याने म्हण,’’ म्हटलं. दुसरी ओळ भिंतीपलीकडे मंजुळाबाईंना ऐकू गेली असेल. मला ठाऊक नव्हतं एवढा आवाज आहे तिचा.

संध्याकाळी स्वतःहून म्हणाली, ‘‘उद्या शेवटची मीटिंग आहे अप्पा. काळजी करू नका, उद्या नेट राहील.’’ माझ्याकडे न बघता.

भिंतीवरचं औषधांचं वेळापत्रक मी काढून घडी घालून ठेवलं. सगळं पाठ आहे मला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

साडेदहाला ईश्वरी आत बसली, दार लावलं. दहा चाळीस — हिरवा दिवा. दहा त्रेचाळीस — हिरवाच. ती उठली नाही.

दहा चव्वेचाळीसला बटण मी बंद केलं.

दाराआडून हाक आली, ‘‘अप्पा... गेलं का?’’

म्हटलं, ‘‘गेलं.’’