मोंबासाला गेलेला नमुन्याचा डबा

हिंगणी, जिल्हा वर्धा
१२ मार्च १९५७

प्रिय श्रीनिवास,

अनेक आशीर्वाद. या पत्रावर गोपालक संस्थेचा शिक्का नाही की जावक क्रमांक नाही, हे पाहून तू चपापशील. तुझ्या मोंबासाच्या कंपनीने आपलं तूप घ्यायचं मनावर घेतलं तेव्हापासून तू मला 'माननीय चिटणीस महाशय' लिहितोस आणि मी तुला 'आपले कृपापत्र पावले' लिहितो. बापलेकांनी एकमेकांशी इतक्या अदबीने वागावं, असं हिंगणीत आजवर घडलेलं नसेल. माझ्या वर्गात होतास तेव्हा इतकं शुद्ध तू कधी लिहिलं नाहीस. असो. आज चिटणीस घरी नाहीत असं समज.

गावची हकीकत आधी सांगतो. गहू निघाला. बोर नदीकाठच्या जंगलात पळस लाल झाला आहे. आपल्या कपिलेला कालवड झाली, तोंडावर पांढरा टिळा आहे. वर्धा जिल्हा मुंबई राज्यात गेल्यापासून कुठला कागद नागपूरला पाठवायचा आणि कुठला मुंबईला, हे कुणीच छातीठोक सांगत नाही. मी दोन्हीकडे पाठवतो आणि दोन्हीकडून तो परत येतो.

तुमच्या कंपनीच्या अटी आल्या तेव्हाची गंमत तुला कधी लिहिली नाही, कारण ती सरकारी मराठीत मावत नव्हती. शाळेच्या ओसरीवर सभा भरवून मी एकेक अट समजावून दिली. डबे नवे हवेत, आतून गंज नको, तोंड झाळून बंद केलेलं हवं. तूप गाईचंच असल्याचा दाखला हवा, शुद्धतेची चिठ्ठी हवी, शिवाय गाई निरोगी असल्याबद्दल जनावरांच्या डॉक्टरची सही हवी. त्यावर भागीरथाबाई म्हणाली, "गाय बिमार नाई हे कागदावर लिवता, मंग ते तूप खाणारा बिमार नाई हे कोण लिवून देईन?" ही भागीरथाबाई तू गेल्यानंतर सभासद झाली. वरच्या आळीतली विधवा बाई, दोन गवळाऊ गाई आणि जिभेला हाड नाही. सगळे हसले, पण अटी सगळ्यांनी पाळल्या. कढवताना विड्याचं पान टाकायचं बायकांनी सोडलं. मातीची गाडगी बंद झाली, पितळेची कल्हई केलेली भांडी आली. अध्यक्ष महादेवराव तर घरोघर जाऊन भांड्यांत बोट फिरवून बघत. सुनांनी त्यांना सासू असं नाव ठेवलं.

दिवाळीच्या आधी सगळ्यांचं तूप एकत्र केलं, शुद्धतेची चिठ्ठी मिळवली आणि नमुन्याचा डबा भरला. चिटणिसाचं घर म्हणून डबा आपल्याकडे ठेवला. झाळणारा माणूस आणायला मी सकाळच्या मोटारीने वर्ध्याला गेलो, दुपारी त्याला घेऊन आलो. त्याने माझ्यासमोर डब्याचं तोंड बंद केलं, मी मोहर लावली. तूप खाल्ल्याबरोबर रूप येत नाही हे मी जन्मभर पोरांना सांगत आलो, पण त्या दिवशी डब्याकडे पाहून मला आपलं सगळं गाव श्रीमंत झाल्यासारखं वाटलं. हसू नकोस.

संक्रांतीनंतर तुमचा नकार आला. खाली तुझी सही होती. तपासणीत तूप लाल झालं, म्हणजे तिळाचं तेल सापडलं, म्हणजे वनस्पतीची भेसळ. भेसळ पकडता यावी म्हणून सरकार वनस्पती तुपात तिळाचं तेल घालायला लावतं, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी कंपनीला दोष दिला नाही. तू ते पत्र फार सरळ लिहिलं होतंस. एकही शब्द जास्तीचा नव्हता. तो मजकूर लिहिताना तुला काय झालं असेल, याचा विचार मी मुद्दाम केला नाही.

मग गावाने चोर शोधला. शोधायला लांब जावं लागलं नाही. भागीरथाबाईने पोरीच्या लग्नात पंगतीसाठी वनस्पतीचा डबा आणला होता, तो रिकामा होऊन तिच्या अंगणात तुळशीजवळ उभा होता. सगळ्यांनी तो पाहिलेला. ती शपथा घेत होती, रडत नव्हती, आणि रडत नाही म्हणूनच लोकांचा संशय वाढला. तिचं नाव सभासदांतून कमी करायचं असं महादेवरावांनी ठरवलं. नाव कमी होणं म्हणजे तिचं दूध या गावात पुढे कुणी घेणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं. ठरावाचा मसुदा माझ्या खिशात होता.

सभेला बायका ओसरीच्या कडेला बसतात. तुझी आई सभासद असूनही सभेला कधी येत नाही, त्या दिवशी आली आणि कडेला न बसता खांबाशी उभी राहिली. मी ठराव वाचायला घेतला तशी ती म्हणाली, "तिचं नाव काऊन घेता? म्या टाकलं."

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा हातातला कागद कुठे ठेवावा ते कळेना. मी वर्ध्याला गेलो त्या सकाळी तिने डब्यातलं तूप वाटीभर काढलं आणि तेवढंच स्वतःच्या हातचं वर ओतलं. "माह्या पोराच्या दुकानात चाल्लं होतं ते. त्याले किती दिस झाले घरचं तूप नाई भेटलं. डबा तोच उघडन, मंग वरचं त्यालेच भेटन, असं वाटलं मले." आणि ते तूप होतं तिच्या गाडग्यातलं. तिच्या माहेरी, जाम गावी, नवं गाडगं तिळाच्या तेलात मुरवून घेतात, नाहीतर माती तूप पिते म्हणतात. बाकी सगळ्या गावाची गाडगी बंद करणाऱ्या चिटणिसाच्या घरात, उतरंडीच्या तळाशी, ते एक गाडगं तसंच होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

महादेवराव घसा खाकरत राहिले. शेवटी भागीरथाबाईच म्हणाली, "मास्तरीनबाई, आधी सांगतलं असतं तर मीबी घातलं असतं चमचाभर. पोरगं का तुमचं एकटीचंच हाय?" तिच्यावर आळ घेतलेला, आणि माझ्या बायकोला सावरून घेतलं तिने. मला भागीरथाबाईपुढे इतकी लाज वाटली आणि तिच्याबद्दल इतका आदर वाटला की मी नुसता चष्मा पुसत बसलो. भागीरथाबाईचं नाव राहिलं. तुझ्या आईचं कमी झालं. तो ठराव मीच मांडला, कारण नियम म्हणजे नियम. घरी आल्यावर तिने पोळ्या मात्र त्या दिवशी कोरड्या वाढल्या.

तुमच्या कंपनीला सगळं खरं कळवलं आणि दुसरा नमुना पाठवायची परवानगी मागितली. ती परवा आली. गावात पेढे वाटले, महादेवराव पुन्हा भांड्यांत बोटं घालत फिरू लागलेत. आता दुधाने तोंड पोळलंय तेव्हा ताकही फुंकून पिऊ. या खेपेला डबा शाळेच्या कपाटात कुलपात राहील.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. परवानगीच्या पत्राखाली तुझी सही नाही. दुसऱ्याच कुणाची आहे. तुझी आई वाचू शकत नाही, पण तुझं कुठलंही पत्र आलं की सही तिला दाखवावी लागते, 'श्री'ची शेपटी तू लांब ओढतोस ती तिच्या ओळखीची आहे. या वेळी तिने कागद माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, "हे त्याचं नाई." तू रजेवर असशील, असं मी म्हणालो. "तुमाले खोटं बोलता येत नाई," एवढंच म्हणून ती चुलीकडे गेली. संक्रांतीनंतर तिच्या नावे तुझं एकही पत्र नाही. हिंगणीच्या तुपाची हमी तू स्वतः मालकाला दिली होतीस, हे मला माहीत आहे, तिलाही माहीत आहे. नोकरी गेली का रे तुझी? मला भीती वाटते. गेली असेल तर गेली, घर आहे, शाळेत जागा आहे, लाजेपायी परदेशात उपाशी राहू नकोस. म्हणून हे पत्र कंपनीच्या नाही, तुझ्या खोलीच्या पत्त्यावर टाकतो आहे. तिने सभेच्या दिवसापासून रवीला हात लावलेला नाही, दूध सगळं शेजाऱ्यांना फुकट वाटून टाकते. नोकरीचं ती मला विचारत नाही, विचारायला घाबरते. तिने फक्त एकच विचारून घ्यायला सांगितलं आहे, ते तिच्याच शब्दांत लिहितो, आणि उत्तर जे असेल ते खरं लिही, मी तसंच वाचून दाखवीन: "त्याले पुसा, त्यातलं थोडं तरी त्यानं खाल्लं का? का सारंच तपासनीत गेलं?"

तुझाच,
बाबा