तिसऱ्या मजल्यावरची अडकलेली खिडकी

प्रिय ताई,

गुडघ्यांमुळे वाकून नमस्कार जमत नाही, तेव्हा हा उभ्याउभ्याच घे. आम्ही दोघं खुशाल आहोत. एकाचे गुडघे आणि एकीची जीभ सोडली, तर तक्रारीला जागा नाही. तुझा खोकला कसा आहे? आणि न्हाणीघरात ‘जरा घसरले’ असं तू लिहिलंस, ते जरा म्हणजे किती? (तुझ्या शेजाऱ्यांनी फोनवर चार टाके सांगितले. तुझ्या पत्रात एकही नव्हता.)

गेल्या रविवारी आम्ही सिमेंटची वसाहत बघायला गेलो. आमच्यापासून पायी दहा मिनिटांवर, खांबांवर उभे असलेले ते राखाडी ठोकळे तू बसमधून पाहिले असशील. साठ वर्षांपूर्वी बांधले तेव्हा लोक हसले. आता म्हणे तो वारसा झालाय, आणि वर्षातून एक दिवस सगळ्यांना आत सोडतात. (माणसांचं उलट असतं. साठीनंतर कोणी बघायला येत नाही.)

माहिती द्यायला एक तरुण आर्किटेक्ट मुलगी होती. भिंतीवर हात फिरवून म्हणाली, या भिंती प्रामाणिक आहेत, काही लपवत नाहीत. प्लास्टर पडल्यापासून आमचं स्वयंपाकघरही फार प्रामाणिक झालंय, असं मी म्हणालो, तर तुझ्या भावजयीने कोपर मारलं. पण एक कबूल करतो. ओलं काँक्रीट ज्या लाकडी साच्यात ओतलं, त्याच्या फळ्यांचे ठसे त्या भिंतींवर जसेच्या तसे आहेत, गाठींसकट. बाकीचे आर्किटेक्टचं नाव टिपून घेत होते आणि मी, चाळीस वर्षं रंधा मारलेला माणूस, सांधे बघत बसलो. केसाचा फरक नाही गं कुठे! हे साचे करणारा सुतार कोण, म्हणून विचारलं. मुलीने सगळे कागद चाळले. त्याचं नाव कुठेच नव्हतं. तिलाही जरा ओशाळल्यासारखं झालं, चांगली आहे पोरगी.

त्या सांध्यांच्या नादात मी मागे पडलो. पाहुण्यांना दाखवायला मांडलेलं नमुन्याचं घर म्हणजे हिरवं दार, एवढं कानावर पडलं होतं. जिना चढून तिसऱ्या मजल्यावर गेलो तर लांबलचक व्हरांडा आणि ओळीने सगळी दारं हिरवी! एक अर्धवट उघडं होतं, तेच असणार म्हणून शिरलो. काय हुबेहूब मांडलं होतं म्हणून सांगू! पेपरवर चष्मा, खुर्चीच्या पाठीवर शाल, कपात वाफाळता चहा. भिंतीतली कपाटं उघडून बिजागऱ्या तपासल्या, पलंगावर बसून पाहिलं, आणि चहा पाहुण्यांसाठीच असणार म्हणून तोही घेतला. (साखर कमी होती. वारसा म्हणून चालवून घेतली.)

एवढ्यात मोरीचं दार उघडलं आणि डोक्याला पंचा गुंडाळलेल्या एक आजी बाहेर आल्या. माझ्याकडे बघितलं, कपाकडे बघितलं.

“झाला चहा? मग आता खिडकी बघा. अकरा महिने तुमच्या ऑफिसला फोन करतेय.”

आता मी पाहुणा आहे म्हणावं, तर पाहुणा असा न बोलावता पलंगावर बसतो का? चोर म्हणवून घेण्यापेक्षा मिस्त्री बरा. सरकती खिडकी, पन्हळीत रंगाचे थर साचून पार अडकलेली. भाजी चिरायच्या सुरीने रंग खरवडला, आजींकडून मेणबत्तीचा तुकडा मागून पन्हळीवर घासला, खांदा लावला. अर्ध्या तासाने खिडकी अशी सरकली, की मीच बाहेर जायचा राहिलो. आजी नुसत्या खिडकीपाशी उभ्या राहून समोरच्या झाडाकडे बघत होत्या.

आणि नेमका तेव्हाच मला शोधत सगळा घोळका दारात! तुझी भावजय सर्वांत पुढे. एका टोपीवाल्या गृहस्थाने मला विचारलं, इथे राहून कसं वाटतं? माझ्या हातात सुरी, केसांत रंगाचा भुगा. मला रहिवासी समजला त्यात त्याचा काय दोष? मी म्हणालो, बरं वाटतं, वारा येतो. मग विचारतच गेले आणि मी सांगतच गेलो. दहा मिनिटांत मी तिथे तीस वर्षं काढली. आजी मान डोलावत होत्या. शेवटी तुझी भावजय म्हणाली, “अहो, मग रात्री माझ्याकडे झोपतो तो कोण?” आणि सगळी मंडळी अशी हसली, की आर्किटेक्ट मुलीला जमिनीवर बसावं लागलं.

एकूण काय, वसाहत रुक्ष आहे, व्हरांडे संपत नाहीत, जिन्यात आवाज घुमतो. बघण्यासारखं विशेष काही नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. १ : तुझ्या भावजयीने पत्र वाचलं आणि म्हणाली, मुद्दा सोडून सगळं लिहिलंत. तर मुद्दा असा की आजींच्या शेजारचं घर रिकामं आहे. भावाच्या घरी राहणार नाही असं तू तीनदा सांगितलंस. हे भावाचं घर नव्हे. दार तुझं, किल्ली तुझी, आणि न्हाणीघरात धरायला दांडी मी बसवीन.

ता. क. २ : आजी टेलिफोन ऑपरेटर होत्या. आधीच्या शेजारणीला रोज सकाळी भिंतीवर दोन टकटक करायच्या, पलीकडून दोन यायच्या. म्हणजे दोघीही उठल्या. शेजारीण लेकीकडे गेली. आजी अजून टकटक करतात. शेजार कसा हवा, असं विचारलं तर म्हणाल्या, “भांडखोर चालेल. पण लवकर उठणारी हवी.” मी म्हटलं, माझ्या बहिणीत दोन्ही आहे.

ता. क. ३ : अर्ज सोबत जोडलाय, फक्त सही कर. वसाहतीला वर जी नावं ठेवलीत, ती तू नाही म्हणालीस तर मला फारसं वाईट वाटलं नाही असं दाखवता यावं म्हणून.