बँड फुटला त्याचं कारण

बाबा, गेल्या आठवड्यात बेल्लमपल्लीला एका लग्नात आमच्या बँडचा गिटारवाला भेटला. तेव्हापासून मी तुमच्यावर इतकी चिडले आहे, की तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली हेही ध्यानात राहत नाही. जेवताना तो शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "एवढं सांग, नागपूरला यायला तू नाही काऊन म्हटलं?" मी म्हटलं, "मी कुठं नाही म्हटलं? तुमीच दुसरी पोरगी घेतली." तो म्हणाला, "दुसरी कोण? तुझे बाबा वर्कशॉपात आले होते. म्हणे, पोरीला आता गाणं नको वाटून राह्यलं."

खाणीच्या वर्कशॉपातली तीन पोरं आणि मी. गिटार त्यांनीच घडवलेली, आवाज मोठा करायला जुना रेडिओ जोडलेला. विलायती गाणी ऐकून उतरवायचो. अर्धे शब्द चुकीचे, ताल मात्र पक्का. खाणीच्या साहेबांच्या क्लबात पहिल्यांदा गायले तेव्हा त्यांच्या बायका नाचल्या आणि तुम्ही दाराशी उभे राहून टाळ्या वाजवत होता. दुसऱ्या दिवशी तुम्हीच मला पांढरे कॅनव्हासचे बूट आणलेत. मग गावोगावची बोलावणी, आणि शेवटी नागपूरच्या हॉटेलात महिनाभर गायचं आमंत्रण.

आमंत्रणानंतरच्या रविवारी आई भाकरी थापते आहे, तुम्ही दारातूनच सांगता, "त्यायनं दुसरी पाह्यली. तू मास्तरणीच्या ट्रेनिंगचा फॉर्म भर." मी रडले. तुम्ही मला पाणी दिलंत, बाबा. खोटं बोलून वर पाणी दिलंत. तिकडे ती पोरं माझ्याविना गेली, गाणारं कोणी धड मिळालं नाही, एकमेकांवर खापर फोडत पंधरा दिवसांत परतली. ड्रमवाला मरेपर्यंत गिटारवाल्याशी बोलला नाही.

जयंतीच्या सभेत मुलींनी पुढं जावं म्हणून किती छान बोलायचा तुम्ही. लोक नावं ठेवतील याची भीती मला कळते. सरळ 'जाऊ नको' म्हटलं असतंत तर भांडले असते, कदाचित ऐकलंही असतं. तुम्ही मला भांडूच दिलं नाही. उटनूरच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं, पण प्रार्थनेलाही मी नुसते ओठ हलवायची.

हे कुठं पाठवायचं? वहीतच राहील. पण एक सांगते. वर्कशॉप आपल्या क्वार्टरपासून पाच मिनिटांवर होतं. मी एकदाही जाऊन विचारलं नाही. नागपूरला जायची मलाही भीती वाटत होती.