बुधाभाऊची गिटार

१५ जाने., बुधवार. अकोला
रिसेप्शन. नवरदेवाच्या वहिनीने मोबाइलवर बघून नाच बसवला होता. मधल्या म्युझिकच्या जागी आमच्या गिटारवाल्या कोकूने भलतंच वाजवलं. छान होतं, पण भलतंच. वहिनीचा हात एकीकडे, पाय दुसरीकडे. रडकुंडीला आली बिचारी. तिच्या नवऱ्याने स्टेजवर येऊन रफीकभाईंना चारचौघांत झापलं.

ऑर्केस्ट्रा रफीकभाईंचा, की-बोर्डवरही तेच, गायला मी. त्यांचा नियम एकच: गाणं हुबेहूब रेकॉर्डसारखं. परतताना व्हॅनमध्ये कोकूला म्हणाले, "रेकॉर्डमदे असं हाय का?"

"रेकॉर्डमदे त हायच ना भाऊ," कोकू म्हणाला. "मंग आपण काहून वाजवाचं?"

रफीकभाईंनी रागाने व्हॅनमधला टेप मोठा केला. मी खिडकीकडे तोंड करून हसले. पटलं मात्र नाही. लोक ज्यासाठी बोलावतात ते द्यावं.

१९ जाने., रविवार. सेमाडोह, मेळघाट
वाघ बघायला आलेल्यांसमोर कार्यक्रम. वाघ कोणालाच दिसला नव्हता, त्यामुळे आमच्याकडे बरंच लक्ष होतं.

चहा देणारे बाबा कोरकू आदिवासी, नाव बुधू. बुधवारचा जन्म म्हणून बुधू. हे ऐकून कोकू खुर्चीवरून उठलाच. त्याच्या टोगो देशातही वारावरूनच नाव ठेवतात, आणि कोकू म्हणजे बुधवारचा. दोघं एकमेकांचा हात धरून कितीतरी वेळ हसत होते. रफीकभाईंनी जाहीर केलं, आजपासून कोकू म्हणजे बुधाभाऊ. राग गेला म्हणायचा.

कापूस शिकायला म्हणून तो आफ्रिकेतून अकोल्याला आला, शिक्षण झालं आणि गिटारपायी राहिला, एवढंच मला माहीत होतं. मराठी मेसच्या आचाऱ्याकडून आणि कापूस वेचणाऱ्या बायांकडून शिकला, म्हणून ती अशी. आज बाकीचंही सांगितलं. लहानपणी चर्चमधली गिटार मिळाली तिच्या दोन तारा तुटलेल्या, नव्या कोणी आणल्याच नाहीत. चार तारांवर शिकला, राहिलेलं काम लाकडावर थापा मारून भागवलं. आता सहा तारा आहेत, पण थाप सुटलेली नाही. पुढे लोमे शहरात हॉटेलात वाजवायचा, पाहुणे जेवत असताना. तिथल्या एका म्हाताऱ्या सॅक्सोफोनवाल्याने जॅझ शिकवलं.

जॅझ म्हणजे काय ते विचारलं. म्हणाला, आधी घर दाखवायचं, मग घर सोडून हिंडायचं, मग परत यायचं. मी म्हटलं, आणि परत येता आलं नाही तर? "मजा त त्यातच हाय, ताई." याच्या नादी लागण्यात अर्थ नाही.

३ फेब्रु., सोमवार
मूर्तिजापूरजवळ व्हॅन पंक्चर. मी रस्त्याकडेच्या पुलावर बसून भुलाबाईचं गाणं गुणगुणत होते, आईचं. कोकू येऊन शेजारी बसला. हे कोणाचं गाणं? कोणाचंच नाही, म्हटलं, मुली गातात. मग भुलाबाईचा सण समजावला. संध्याकाळी घरोघरी गाणी, शेवटी खिरापत. घरची बाई झाकण लावलेला डबा खुळखुळवते आणि मुलींनी आत काय आहे ते ओळखायचं. ओळखेपर्यंत खायला नाही.

त्याला ते डब्याचं फार आवडलं. मग म्हणाला, "संध्याताई, हा आवाज तुमचा हाय. मी आज पयल्यांदा आयकला."

पोस्टरवर माझं नाव बारीक असतं. त्याच्या वर ठळक अक्षरांत मोठ्या गायिकेचं नाव आणि पुढे 'यांचा हुबेहूब आवाज'. लग्नाआधीपासून हेच. त्यात वाईट काय आहे? पण त्याचं बोलणं दिवसभर कानात राहिलं. रागच आला थोडा.

१४ फेब्रु., शुक्रवार
कोकूला पुण्यात अर्ध्या तासाचा कार्यक्रम मिळाला. ऐकायला परदेशातल्या एक बाई येणार, त्या वादकांचे दौरे काढतात. त्यांना आवडलं तर जन्माचं काम झालं. नाही तर मे महिन्यात व्हिसा संपतो, आणि लोमेला बहिणीच्या नवऱ्याने कापसाच्या कंपनीत खुर्ची धरून ठेवली आहे. गिटार मग रविवारी चर्चपुरती. हे सांगताना तो हसत होता, पण हात मांडीवर सारखे थापा मारत होते.

भुलाबाईचं गाणं घ्यायचं म्हणतो. आणि ते मी गायचं.

घरी विचारलं. हे रेल्वेतले, प्रत्येक गोष्ट वेळापत्रकावर बसवतात. सुट्टी मिळेल का ते बघतो म्हणाले, म्हणजे हो. रफीकभाईंनीही तालमीला आपलं सामानाचं गोदाम दिलं. "जा. पण त्याच्यासारखी बिघडून येऊ नको."

२२ फेब्रु., शनिवार
पहिली तालीम. स्पीकरच्या खोक्यांवर बसून. मला कोणाचा तरी आवाज लावायची इतकी सवय की तोंड उघडल्यावर कळेना, आता कोणाचा लावू. दोनदा थांबले. मग आईला आठवून गायले. कोकूची गिटार मागेमागे, कधी पुढे, कधी नुसती थाप. बरं झालं असावं. त्याने डोळे पुसले, मी न बघितल्यासारखं केलं. त्याने मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं, ते मागून घेतलं.

२४ फेब्रु., सोमवार
फजिती.

दोन दिवस ते रेकॉर्डिंग ऐकून गाणं बसवलं. स्वयंपाक करताना, आंघोळीला पाणी तापेपर्यंत. आज तालमीत अगदी पक्कं गायले. एक हरकत इकडची तिकडे नाही. शनिवारी मधे बाहेर स्कूटरचा हॉर्न वाजला तेव्हा मी क्षणभर थांबले होते. आज हॉर्न नव्हता, पण थांबले बरोबर तिथेच. मला वाटलं, कोकू खूश होईल.

त्याने गिटार खाली ठेवली.

"ताई, हे त परवाचंच हाय. आजचं कुठं हाय?"

रफीकभाई दारात होते. ते म्हणाले, "क्या बात है, हुबेहूब." मनापासून म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वतःचीच नक्कल केली मी. तडक घरी आले.

२ मार्च, रविवार
तालमीला जाणं बंद केलं होतं. डोकं दुखतं म्हणून कळवलं. त्याचा कार्यक्रम माझ्यामुळे बुडायला नको. दुसरी कोणी बघ म्हणून निरोपही दिला.

आज दुपारी कोकू घरीच आला, पाठीला गिटार. रफीकभाईंचा पहिला रोजा, गोदाम लवकर बंद. समजूत वगैरे काही घातली नाही. सरळ स्वयंपाकघरात गेला, फळीवरचा स्टीलचा डबा रिकामा करून त्यात काहीतरी टाकलं, झाकण लावलं आणि माझ्यासमोर खुळखुळवला.

"ओळखा."

वेडाच आहे. मी म्हटलं, शेंगदाणे. तो म्हणाला, असं नाही, गाऊन विचारा. गायले. त्याने गिटारवर नाही म्हटलं. खारका? नाही. फुटाणे? नाही, आणि हे 'नाही' आधीच्यासारखं नव्हतं, जरा चिडवणारं. मग मीही चिडून विचारलं. आमचे हे दारात उभे राहून बघत होते. खोबरं, लाह्या, साबुदाणा, घरातलं सगळं विचारून झालं. कधीतरी लक्षात आलं की मी कितीतरी वेळ गाते आहे आणि यातलं काहीच मला पाठ नाही.

डब्यात सरकी निघाली. कापसाच्या शास्त्रज्ञाच्या खिशात दुसरं काय असणार.

१६ मार्च, रविवार. पुणे
छोटा हॉल. लोक चपला काढून खाली बसलेले, फर्माईश कोणाची नाही. हीच गोष्ट सर्वांत भीतीची वाटली.

कोकूने आधी एकट्याने वाजवलं. चर्च, हॉटेल, अकोल्याची मेस, सगळं त्यात असावं, मला तसं ऐकू आलं. मग मी. गाणं नीट चाललं होतं. म्हणजे मी पाठ केलेलंच गात होते, लपूनछपून केलं होतं पाठ. त्याच्या लक्षात आलं. त्याने गिटार थांबवली, पायाशी ठेवलेला आमचा डबा उचलला आणि माइकसमोर खुळखुळवला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आवाज सरकीचा नव्हता, वेगळा होता. मग विचारलं. गाऊन. वरच्या सुरात आवाज फाटला तो तसाच राहू दिला. लोक हसले, मग हसायचे थांबले. पुढचं नीट आठवत नाही. आनंद झाला होता, इतकं लिहून ठेवते.

ओळखता आलं नाही. नंतर विचारलं तर कोकूने सांगितलंही नाही.

१९ मार्च, बुधवार
बुधवारीच निकाल लागला, रफीकभाई म्हणतात ठरवून. कोकूला दौरा मिळाला, दिवाळीनंतर. आधी एक अल्बम. त्यात भुलाबाईचं गाणं हवं आहे. माझा आवाज त्या बाईंना आवडला, पण एका कार्यक्रमावरून नक्की करता येत नाही म्हणाल्या. मी इथून रेकॉर्ड करून पाठवायचं. ठीक वाटलं तर घेतील, नाही तर तिकडची कोणी गाईल.

कोकू फोनवर नुसता हसत होता. मग म्हणाला, हॉटेलातला सॅक्सोफोनवाला म्हातारा असता तर.

४ मे, रविवार. बडनेरा
कोकू लोमेला निघाला. गाडी वेळेवर आली, ह्यांना त्याचाच अभिमान. रफीकभाईंनी गिटारला नवं कव्हर शिवून आणलं होतं, आत अत्तराचा फाया. कोकूला म्हणाले, तिकडे रेकॉर्ड करशील तसंच पुढे वाजव, लोकांना ओळखू आलं पाहिजे. कोकूने वाकून नमस्कार केला आणि शब्द मात्र दिला नाही.

मला म्हणाला, "गाण्याची वाट पाहून राहीन, ताई." मी डबा परत मागितला. दिला नाही, तो आपला झाला म्हणे.

गाडी गेल्यावर रडू आलं. ह्यांनी पाण्याची बाटली पुढे केली.

१३ मे, मंगळवार. अकोला
रिसेप्शन. गिटारला नवीन माणूस, सगळं रेकॉर्डबरहुकूम. नाचणाऱ्यांचं एक पाऊल चुकलं नाही. मीही चांगली गायले, पोस्टरवरच्या मोठ्या गायिकेसारखी. मधल्या म्युझिकला मात्र उगाच कान लावून उभी होते.

२३ मे, शुक्रवार
लोमेहून गाण्याची फाइल आली. सोबत निरोप: रविवारपर्यंत पाठवा, ताई, एकदाच गा.

सुरुवातीला गिटार आहे. मग ती थांबते. नुसती लाकडावरची थाप. मग डबा खुळखुळतो, आणि पुढे मोकळी जागा, बरीच मोठी. त्यात तो काहीच वाजवत नाही, फक्त कुठेतरी कोंबडा आरवतो.

दोनदा ऐकली. डब्यात काय आहे ते अजून ओळखलेलं नाही. तिसऱ्यांदा लावायला गेले आणि मोबाइल उलटा ठेवला. पाठ होईल.