नणंदेसाठी नोव्हेंबरातली सोय

मी, श्रीमती व्हर्ना कॉर्कम, कै. एल्डन कॉर्कम यांची विधवा, वय ८१, राहणार गल पॉइंट, नोव्हा स्कोशिया, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. माझ्या पुतण्याला त्याबद्दल शंका आहे. त्याच्या बुद्धीबद्दल मला कधी शंका आली नाही, ती नाहीच. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

कलम १. पुतण्या लॉर्न यास माझ्या पतीची होडी द्यावी. तिच्या तळाला भोक आहे. त्याने ती अवश्य पाण्यात घालावी.

कलम २. चर्चच्या गोधडी मंडळास काहीही देऊ नये. माझी गोधडी त्यांनी "फार उदास" म्हणून प्रदर्शनातून परत पाठवली. या दिवसांत खिडकीबाहेर जे दिसते तेच मी शिवले होते: राखाडी समुद्र, राखाडी आभाळ, कुजकी पाने. या बायांना थंडीतही फुलपाखरे लागतात.

कलम ३. राहते घर माझी नणंद उना हिने तहहयात वापरावे. कारण लिहिणे भाग आहे, नाहीतर लोक त्याला प्रेम समजतील.

सासूबाईंच्या मागे त्यांच्या चांदीच्या चमच्यांवरून आमचे बोलणे तुटले. तरी होड्या किनाऱ्यावर ओढल्या आणि धुके येऊन बसले, की उना रोज दुपारी लोकरीची पिशवी घेऊन माझ्या स्वयंपाकघरात हजर. तिच्या घरची शेगडी धूर ओकते, म्हणून. ती विणायची, मी गोधडीला टाके घालायची, आणि दिवेलागणीला पुस्तक मोठ्याने वाचायची. स्वतःसाठी. ऐन रंगात आले की मी पुस्तक मिटायची, तशा तिच्या सुया थांबायच्या. तेवढे सुख मला पुरे होते. तिचे मोजे असे, की त्यांतून मासासुद्धा निसटेल.

गेल्या नोव्हेंबरात लॉर्न एका डॉक्टरला घेऊन आला. मला वेडी ठरवून वृद्धाश्रमात टाकायचे आणि घर उन्हाळी पाहुण्यांना भाड्याने द्यायचे, हा त्याचा बेत.

"काकू, अंधारात एकटी चिंध्या जोडत बसतेस, पुस्तकाशी बोलतेस. हे बरं लक्षण नाही गं. तिथं टीव्ही आहे."

डॉक्टरने शेगडीजवळ विणत बसलेल्या उनाला विचारले, "यांच्या वागण्यात अलीकडे काही बदल?"

"बदल?" उना मान वर न करता म्हणाली. "लग्न होऊन आली तेव्हापासून अशीच खडूस आहे. काडीचा फरक नाही. आणि लॉर्न, एकटी कुठंय ती? मी काय शेगडीतलं लाकूड आहे?" मग इतक्या वर्षांनी पहिल्यांदा माझ्याकडे वळून, "वहिनी, तो खलाशी बेटावर पोचला का नाही? वाच की पुढं!"

मी वाचले. डॉक्टर चहा पीत खलाशी पोचेपर्यंत बसला आणि मला काही झालेले नाही असे सांगून निघून गेला. लॉर्न अंगातला कोटही न काढता दारात उभा होता. त्याला गोष्ट कळली असेल असे वाटत नाही.

उनाने त्या दिवशी घर वाचवले. उपकार ठेवून मरणे मला जमणार नाही.

कलम ४. उनाला आता अक्षर दिसत नाही. माझ्या बचतीतून दर नोव्हेंबरात तिला वाचून दाखवायला माणूस ठेवावा. नाकात बोलणारा नको. पाद्री तर नकोच.

कलम ५. उनाच्या पश्चात घर गावच्या वाचनालयास जावे. लॉर्नने तिथे नाव नोंदवल्यास मला स्वर्गात आश्चर्य वाटेल.

कलम ६. मी थंडीच्या तोंडावर मेले, तर दफन वसंतापर्यंत थांबवावे. ओल्या चिखलात उनाचे गुडघे धरतात, आणि ती आल्यावाचून राहायची नाही. मला नीट पुरले की नाही, हे तिला स्वतः बघायचे असेल.

सही: व्हर्ना कॉर्कम

साक्षीदार, दोघांनी माझ्यासमक्ष व एकमेकांसमक्ष सह्या केल्या:
होबार्ट रॅफ्यूज, पोस्टमन
मिल्ड्रेड झ्विकर, शेजारीण (कलम २ वाचून नाराज, तरी सही केली)

गल पॉइंट, दि. १९ नोव्हेंबर १९८४