एका लेफ्ट बॅकची गुपचूप चौकशी

मिल्टन कीन्स,
रविवार, दुपारच्या चहानंतर

कोल्हापूरच्या आपल्या तालमीचे सन्माननीय अध्यक्ष आणि माझे बाकावरचे शेजारी श्री. शशिकांत यांना नरहरीचा दंडवत.

(अध्यक्ष झाल्यापासून नुसत्या 'शशी'ला तू ओ देत नाहीस, असं कानावर आलं. म्हणून एकदा रीतसर लिहिलं. आता यापुढे शशीच.)

तुझा गुडघा कसा आहे? वहिनींची साखर आटोक्यात आहे ना? आम्ही इकडे ठीक. अतुल आणि सूनबाई सीमा दोघंही घरूनच ऑफिस चालवतात, त्यामुळे मला दिवसभर दबक्या आवाजात कविता म्हणाव्या लागतात. खिडकीबाहेर एप्रिल आहे. म्हणजे सकाळी ऊन, दहाला गारा, बाराला पुन्हा ऊन. इथल्या आकाशाला एक वृत्त धरून चार ओळी निभावता येत नाहीत. शाळेत असतं, तर मास्तरांनी बाकावर उभं केलं असतं.

असो. तुझं पत्र पोचलं. तालमीच्या फुटबॉल संघासाठी तुझ्या पुतण्यानं मोबाइलवर पाहिलेला तो स्पॅनिश कोच, चिखलात शंकू मांडून खेळाडूंना पळवणारा, तो आमच्याच गावाजवळचा निघाला, ही खरंच गंमत आहे. तू लिहिलंस, 'माणूस कसा, घराणं कसं, स्वभाव कसा, आधीची ठिकाणं का सोडली, याची जरा माहिती काढ. पण आपण विचारतोय हे कळता कामा नये.' मी ते वाक्य दोनदा वाचलं आणि मनात म्हटलं, ही तर स्थळाची चौकशी! तुझ्या दोन बहिणींच्या वेळी मीच सांगलीला आणि बेळगावला जाऊन आलो होतो, हे तू विसरला नाहीस तर. शिवाय विमा कचेरीत उभी हयात गेल्यामुळे कुणालाही 'घरात कुणाला हृदयविकार?' असं विचारताना माझी जीभ अडखळत नाही. तेव्हा काम योग्य माणसाकडे आलं होतं. पुढे जे झालं त्यात माझा दोष थोडाच आहे.

त्याचं नाव एलादियो. वय चव्वेचाळीस. जवळच्या ब्रुकमीड नावाच्या गावातल्या क्लबचा तो कोच आहे. (इथं फुटबॉलच्या इतक्या पायऱ्या आहेत, की वरच्या पायरीवरचे लोक खालच्यांना दुर्बिणीतूनही पाहत नसावेत. ब्रुकमीड पार तळाशी. सामन्याला माणसं थोडी आणि त्यांची कुत्री जास्त.) पण मला त्याच्याशी ओळख काढायची, तीही सहज, वाटेत भेटल्यासारखी. या गावात वाटेत कुणीच भेटत नाही. सगळे मोटारीत बसून एका गोल चौकातून दुसऱ्या गोल चौकात जातात. शेवटी अतुलनं शोधून काढलं, की हा गृहस्थ दर मंगळवारी सकाळी लेजर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या सार्वजनिक व्यायामशाळेत, साठीच्या पुढच्यांना 'वॉकिंग फुटबॉल' शिकवतो. चालत फुटबॉल! धावलास तर फाउल. शशी, आयुष्यात पहिल्यांदा मला असा खेळ भेटला, ज्यात माझ्या वेगाला नियमांचं संरक्षण आहे. मी नाव घातलं. माझ्या नावाचं 'हॅरी' झालं, आणि केन नावाचा एक निवृत्त बसचालक मला पाहताक्षणी म्हणाला, "गोलमध्ये उभा राहा, तिथं विचार करायला वेळ मिळतो." माणसांची पारख आहे त्याला.

आता कोच म्हणून कसा ते ऐक. पहिल्याच मंगळवारी त्यानं आम्हाला तिघातिघांत उभं केलं आणि पास द्यायला शिकवलं. एक आखूड, मग दोन लांब. एक आखूड, दोन लांब. मी गोलमध्ये उभा, डोळे अर्धे मिटलेले, आणि कानावर चेंडूचा आवाज येतोय: टप, टाप्प, टाप्प. टप, टाप्प, टाप्प. अरे, लघु, गुरु, गुरु! हा तर 'य' गण! चार वेळा झाला की भुजंगप्रयात! पाचवीतला तो वर्ग, खिडकीत वाळत घातलेली मास्तरांची छत्री, आणि सगळ्या वर्गाचा तो एक सूर. त्या तंद्रीत दोन गोल झाले, ते सोड. खेळ संपल्यावर मी एलादियोला 'य-मा-ता' हे सगळं समजावून सांगितलं. वेड्यात काढेल असं वाटलं होतं. त्यानं मान तिरकी करून ऐकलं, बोटांनी मांडीवर ताल धरला, आणि विचारलं, "आणि दोन आखूड, एक लांब असेल तर?" मी म्हटलं, 'स' गण. तेव्हापासून आमच्या सरावाला गणांची नावं आहेत. केन मैदानभर "यामाटा! यामाटा!" ओरडत चालत असतो. सीमा म्हणते, बाबा, लोकांना वाटेल हा जपानी मोटारसायकलींचा क्लब आहे.

त्याचं घराणं साधं आहे. स्पेनच्या आतल्या भागात, जिथं थंडी आणि डुकरं दोन्ही भरपूर, तिथलं खेडं. बाप ट्रॅक्टरचा मेकॅनिक. पोरगा डावखुरा, म्हणून डाव्या बगलेचा बचावपटू, लेफ्ट बॅक. (तो सांगतो, संघात डावखुरे दुसरे कुणी नव्हतेच, त्यामुळे निवड करावी लागली नाही.) तिथून पुढे अठरा वर्षं तो खालच्या दर्जाच्या क्लबांत खेळला. एका ठिकाणी क्लबच्या अध्यक्षाचा फरशांचा कारखाना होता. सकाळी फरशा ट्रकमध्ये भरायच्या आणि संध्याकाळी खेळायचं. त्यामुळे त्या संघाचे थ्रो-इन फार लांब जात. दुसऱ्या एका ठिकाणी गोलच्या मागे शेळ्या बांधलेल्या असत, आणि चेंडू तिकडे गेला की परत आणायला शेळ्यांच्या ओळखीचाच माणूस लागे. वरच्या दर्जात बढती मिळालेल्या संघात तो कधीच नव्हता. खाली घसरणाऱ्या संघांत मात्र बरेचदा होता. एकदा कपच्या सामन्यात एका फार मोठ्या संघाशी गाठ पडली. गाव सजलं, त्याचे आईबाप बस करून आले. हा राखीव बाकावर. शेवटच्या मिनिटाला कोचनं खूण केली. यानं ट्रॅकसूट काढला, नंबरची पाटी वर गेली, हा रेषेवर उभा राहिला, पण चेंडू बाहेर गेल्याशिवाय खेळाडू बदलता येत नाही, आणि तो काही केल्या बाहेर जाईना. मग शिट्टी झाली. ट्रॅकसूट पुन्हा घातला. हे त्यानं मला हसत सांगितलं. मी काही हसू शकलो नाही.

माझ्या डोक्यातून एकच प्रश्न जाईना. माणूस इतकी वर्षं असं का करतो? ना पदक, ना फोटो. मी दर मंगळवारी वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारून पाहिलं. घरच्यांची इच्छा होती का? दुसरं काही येत नव्हतं का? शेवटी तो वैतागला आणि म्हणाला, "हॅरी, मंगळवारी प्रॅक्टिस असायची. मग जायचो." मी हे उत्तर घरी आणून आठवडाभर उलटसुलट करून पाहिलं. यापेक्षा चांगलं उत्तर मला माझ्या स्वतःच्या कुठल्याच गोष्टीबद्दल सुचलं नाही.

लग्न झालं होतं. बायको नर्स. तिला इथं हॉस्पिटलात नोकरी मिळाली, म्हणून हा मागोमाग आला. पुढे मोडलं. ती परत गेली, आणि हा राहिला, कारण फुटबॉलचा हंगाम अर्ध्यावर होता. (हे कारण तू बैठकीत सांगू नकोस. तुझ्या मंडळींना ते भलतंच आवडेल.) आता क्लबनं त्याला सांगून टाकलंय, की मे महिन्यानंतर नवा कोच येणार. तो क्लबच्या चेअरमनचा जावई. म्हणजे इथंही तीच तऱ्हा.

ही शेवटची माहिती मला डोरीननं दिली. क्लबच्या कँटीनच्या गाडीवर ती चहा आणि बेकन रोल विकते. मागल्या आठवड्यात शनिवारी मी मुद्दाम सामन्याला गेलो, तिच्या गाडीशी उभा राहिलो आणि दोन चहांत सगळी प्रश्नावली उरकली. पितो का? (रविवारी एक ग्लास.) तापट आहे का? (रेफ्रीपुरता.) घर स्वतःचं? (भाड्याचं.) आईवडील? घरात कुणाला मधुमेह, दमा, हृदयविकार? पुन्हा लग्नाचा विचार आहे का? म्हणजे लांबच्या गावी जाऊन स्थायिक व्हायची तयारी आहे का, अशा अर्थानं विचारलं मी! पण डोरीनचे डोळे लकाकले. "ओह, हॅरी, यू स्लाय ओल्ड थिंग," म्हणाली आणि तिसऱ्या चहाला काही लावलं नाही. मला वाटलं, हाडाची मायाळू बाई आहे.

परवा, शुक्रवारी संध्याकाळी, दारावरची बेल वाजली. सीमानं दार उघडलं. दारात एलादियो. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, हातात पिवळी फुलं. सीमाला पाहून त्यानं फुलं पुढे केली, एक मोठा श्वास घेतला आणि म्हणाला, की मॅडम, हा माझा मोठा बहुमान आहे, तुम्ही अतिशय चांगल्या घरच्या दिसता, पण मी सध्या दुसऱ्या लग्नाच्या मनःस्थितीत नाही, कृपया वडिलांनी वाईट वाटून घेऊ नये. पाठ करून आला होता, कुठे अडखळला नाही. डोरीनकडे विचारलंत म्हणून सांगतो, आईला थोडा डायबिटीस आहे, हेही शेवटी सांगून टाकलं. सीमाच्या मागे अतुल, कमरेला एप्रन आणि हातात लाटणं.

"बाबा," अतुल अगदी शांतपणे म्हणाला, "बाहेर या जरा."

"बाबा, धिस इज नॉट ओके," सीमा म्हणाली. "तुम्ही लोकांना सांगत काय फिरताय? आणि त्याच्या आईच्या डायबिटीसची तुम्हाला काय गरज?"

आता सांग, गुपचूप ठेवणार कसं? मी सगळ्यांना बसवलं आणि खरं ते सांगितलं. की बाबा रे, मुलगी वगैरे कुणी नाही. भारतात कोल्हापूर नावाचं गाव आहे, तिथल्या एका क्लबला तू हवा आहेस. त्यांच्याकडून ही सगळी विचारपूस.

अतुलला हसू आवरेना, सीमानं कपाळाला हात लावला. पण एलादियोनं सीमानं अजून न घेतलेली फुलं मांडीवर ठेवली. मग त्यानं विचारलं, "त्यांना माझा सीव्ही कुणी पाठवला?" कुणीच नाही, मी म्हटलं. "मग एजंट?" एजंट कुठला आलाय. "मग माझं नाव त्यांना कसं माहीत?" मी तुझ्या पुतण्याचं आणि त्या व्हिडिओचं सांगितलं. त्यानं ते माझ्याकडून पुन्हा वदवून घेतलं. शशी, तो म्हणाला, आजवरच्या प्रत्येक क्लबात तो स्वतः विचारत गेला, आणि घेतला गेला ते कुणाचा तरी पाय मोडला म्हणून. आपणहून कुणी विचारलं, असं हे पहिल्यांदाच. मग तो पोळीभाजी खाऊन गेला. जेवताना कोल्हापूरचं गवत कसं, माणसं किती येतात, सगळं विचारलं. मी सांगितलं, स्टेडियम भरतं, उरलेले आसपासच्या गच्च्यांवर, आणि ताशे. आणि सामना कुणाशी? शेजारच्या गल्लीशी, मी म्हटलं. तेव्हा तो पहिल्यांदा मोठ्यानं हसला. म्हणाला, आमच्या खेड्यातही शत्रू शेजारच्याच गल्लीत राहायचा.

तर माझा अभिप्राय असा. माणूस सज्जन आहे, पण स्थळ आपल्याला साजेसं नाही. घटस्फोटित आहे, आयुष्यात काही जिंकलेलं नाही, रात्री दहाला जेवतो, तिखट अजिबात सोसत नाही (सीमाच्या फ्लॉवरच्या भाजीनं डोळ्यांतून पाणी काढलं), आणि शेजारच्या गल्लीचे लोक 'तळाच्या क्लबातून आणलाय' म्हणून वर्षभर टोमणे मारतील. तेव्हा नाद सोडावा, दुसरीकडे पाहावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझा,
नरहरी

ता. क. : वरचा अभिप्राय वाचलास ना? आता तो विसर. पत्र दुपारी लिहून ठेवलं होतं, आणि त्या वेळी मी मंगळवारचा विचार करत होतो. तो गेला तर लेजर सेंटरवाले त्या वेळेला ज्येष्ठांचा झुंबा नाच ठेवणार आहेत, असं केन म्हणाला. झुंब्यात गोलकीपर नसतो. हे माझं दुःख आहे, तुझ्या तालमीचं नव्हे. कोच म्हणशील तर मी असा दुसरा पाहिलेला नाही. म्हाताऱ्याच्या डोक्यातलं वृत्त ऐकून त्यातून पास बसवणारा माणूस तुझ्या पोरांचं काय करील, याचा विचार कर. भाजीत तिखट कमी घालता येतं.

ता. क. २ : आता मुद्द्याचं. तू फक्त चौकशी कर म्हणाला होतास, हे मला माहीत आहे. पण त्या संध्याकाळी तो फुलं मांडीवर घेऊन, 'मला? माझं नाव घेऊन?' असं विचारत बसला होता, तेव्हा माझ्या तोंडून 'चौकशी करतायत' निघालंच नाही. 'बोलावलंय' निघालं. पत्र यायचंय, असंही मी सांगून बसलो. तेव्हा बैठक, ठराव, विमानाचं तिकीट, शेजारच्या गल्लीचं म्हणणं, सगळं मागाहून बघ. उद्याच्या उद्या तालमीच्या छापील कागदावर, शिक्का मारून, त्याच्या नावानं पत्र टाक. ईमेल नको. 'आपल्या अर्जाचा विचार' वगैरे तर मुळीच नको, त्यानं अर्ज केलेला नाही. मराठीतच लिही, मी वाचून दाखवीन. लांबलचक नको. वर त्याचं पूर्ण नाव आणि खाली एकच शब्द पुरे: या.