टीव्हीवरची सिस्टर

११ ऑक्टोबर

आज मी मला टीव्हीवर पाहिलं! पांढरं पातळ, काखेत काळी पर्स, चष्मा नाकावर घसरलेला. चालणंही माझंच — गुडघा दुखतो म्हणून एका अंगावर रेलत. फक्त ती मी नव्हते. शेजारच्या वच्छलाचा विक्की होता.

सगळी गल्ली त्यांच्या घरी जमली होती. झाडीपट्टीच्या नाटकांत गावोगाव विनोदी कामं करणारा पोरगा मुंबईच्या कॉमेडी शोमध्ये गेला म्हणून त्याच्या बापानं, मनिरामभाऊंनी, पेढे आणलेले. मला मान देऊन पुढच्या खुर्चीत बसवलं. मग सुरू झालं. दवाखाना. पेशंट कण्हतोय. सिस्टर सुई भरते आणि म्हणते, थांबा, आधी प्रार्थना! ती प्रार्थना काही संपत नाही. पेशंटसाठी, त्याच्या सासूसाठी, सासूच्या म्हशीसाठी, म्हशीच्या डॉक्टरसाठी, तहसीलदारासाठी, हायवेवरच्या ट्रकवाल्यांसाठी... तोवर पेशंट कंटाळून बरा होतो आणि उठून घरी जातो. सिस्टरचे डोळे मिटलेलेच. हशा, टाळ्या, जाहिरात.

सगळे पोट धरून हसले. मीही हसले. म्हशीसाठी मी प्रार्थना केली आहे, नाकारू कशाला!

वच्छला हसली नाही. चहाचं निमित्त करून आत गेली ती बाहेर आलीच नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज चर्चमध्ये पास्टर नंदलाल म्हणाले, सिस्टर, आजारी लोकांसाठी तुम्ही प्रार्थना करा. दर रविवारी मीच करते. उभी राहिले. "हे प्रभू येशू" म्हटलं आणि माझ्या तोंडून विक्कीचा आवाज आला. तोच हेल, तीच ओढ. पुढं "आमच्या गावातल्या" म्हणायला गेले तर टीव्हीत मागून भरलेलं हसू कानात वाजलं. मागच्या बाकावर कोणीतरी खोकलं, तेही मला हसल्यासारखं वाटलं.

घाईघाईनं प्रभूची प्रार्थना म्हटली — ती पाठ असते, तिला काही लागत नाही — आणि खाली बसले.

१४ ऑक्टोबर

घरी एकटीनं बसून पाहिलं. मनातल्या मनात सगळं नीट येतं. मोठ्यानं म्हटलं की नक्कल होते. माझी मीच नक्कल करते आहे!

असं कसं झालं? नर्सची नोकरी संपली, नवरा गेला, गुडघे गेले, पण ही एक गोष्ट कधी अडली नव्हती. या गल्लीत ख्रिश्चन घर माझं एकटीचं. तरी बोलावणी मला अंगारेवाल्यापेक्षा जास्त. बोअर मारायचा आहे, पोरीची परीक्षा आहे, गाय अडली आहे — "सिस्टर, एक प्रार्थना मारून द्या ना जी." ऑपरेशन असलं की नारळ मारुतीला आणि प्रार्थना माझ्याकडे, अशी वाटणीच ठरलेली. मारुतीची तक्रार नाही, माझीही नाही.

आणि आता वच्छलाचं ऑपरेशन आहे. गर्भाशय काढायचं. वर्षभर लपवलं बयेनं. मी हात धरून गोंदियाला नेली तेव्हा कुठे डॉक्टरांनी तारीख दिली — धान निघाल्यावर, १४ नोव्हेंबर. तयार झाली ती एकाच अटीवर: "तू डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं प्रार्थना करशील, तवाच मी आत जाईन. नाही त मले नेऊ नका."

आता काय करू?

१८ ऑक्टोबर

पास्टर नंदलाल आले. सोबत चर्चमधली दोन माणसं. स्किट त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं. चेहरे लाल. ठाण्यात तक्रार द्यायची म्हणाले, तुम्ही पुढं व्हा.

मी म्हटलं, "त्या पोट्ट्याची नाळ मी कापली आहे. त्याले ठाण्यात नेऊ?"

"आज तुमच्यावर हसले सिस्टर, उद्या देवावर हसतील."

"देव पाहून घेईल. तो काही नवीन नाही या कामाले."

चहा पिऊन गेले, पण नाराज गेले. ते चूक म्हणत होते असंही नाही. ही माणसं पाठीमागं टिंगल ऐकत आली आहेत, शाळेत, बाजारात, लग्नात. टीव्हीवर आपण दिसतो ते कसे? गुडघ्यापर्यंत फ्रॉक, हातात बाटली, "हम बोला, तुम सुनता नाय." इकडे भात-वरण खाणारी, बांध्यांत धानाची रोवणी करणारी ख्रिश्चन माणसं असतात हे त्या लोकांच्या गावीही नाही. भल्या माणसाला देव आठवला की टीव्हीला चेव येतो.

विक्कीनं निदान फ्रॉक घातला नाही. हे मनात आलं आणि माझाच मला राग आला. एवढ्यावर समाधान!

२३ ऑक्टोबर

भाऊबीज. मनिरामभाऊ दरवर्षी माझ्याकडे ओवाळून घेतात. आज आले, पाटावर बसले, मान खाली घालून जेवले. वच्छलानं करंज्या पाठवल्या, स्वतः आली नाही. मधे कुंपण आहे ते गुडघ्याएवढं! तिथून दिवसातून चारदा ओरडायची बाई.

मीही गेले नाही. गेले तर विचारेल, येशील ना चौदाला. काय सांगू?

३० ऑक्टोबर

मनिरामभाऊंच्या धानाची मळणी. यंत्र सुरू व्हायच्या आधी मी प्रार्थना करायची, हा इथला जुना रिवाज. एका वर्षी घाईत माझ्याशिवाय सुरू केलं आणि गड्याची बोटं गेली, तेव्हापासून पक्का झाला.

गेले. पाहते तर एरवी दहा माणसं असतात तिथं अर्धं गाव. सगळ्यांचे मोबाइल वर.

"सिस्टर, टीव्हीवानी करा जी!"

"म्हैस सोडू नका बरं!"

डोळे मिटले. काहीच आलं नाही. धानाचा वास आला तेवढा. डोळे उघडून मी म्हटलं, "फुल बाह्यांचे सदरे काढा, दुपट्टे सोडा आणि यंत्रात हात घालू नका." वळून चालायला लागले. टाळ्या पडल्या! त्यांना वाटलं हाच विनोद.

घरी येऊन रडले. इतके दिवस रडले नव्हते.

२ नोव्हेंबर, रविवार

गुडघ्याचं निमित्त केलं. चर्चला गेले नाही.

७ नोव्हेंबर

विक्की आला. आईच्या ऑपरेशनसाठी सुट्टी काढून आलाय. सकाळीच कुंपण ओलांडून थेट माझ्या स्वयंपाकघरात, लहानपणी यायचा तसा. पाया पडला.

"मावशी, माय बोलून नाही राहिली माह्याशी. तुमी तरी बोला."

मी पोहे केले. खाताना सांगत होता. मुंबईवाल्यांनी आधी त्याच्यासाठी फ्रॉकच आणला होता, हातभर क्रॉस आणि बाटली. "मी म्हटलं, आमच्याकडची सिस्टर अशी नाही रायत जी. पांढरं पातळ नेसते अन् दारू पेणाऱ्याले दवाखान्यातून हाकलून देते. ते म्हणे, मंग लोक हसतीन कायले? मी म्हटलं, मी हसवतो."

"अन् त्यासाठी माझी प्रार्थनाच सापडली?"

पोहे चघळत राहिला. मग म्हणाला, "तुमच्यात दुसरं हासण्यासारखं हाय काय, तुमीच सांगा."

राग यायला हवा होता. आला नाही. पोरगं खोटं बोलत नव्हतं. पुढच्या महिन्यात आणखी तीन स्किटं मागितली आहेत सिस्टरची. "तुमी नाही म्हणा, मी बंद करतो. तुमची आण."

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. खरी गोष्ट सांगायची होती — की बाबा, तू माझा आवाज घेऊन गेलास. पण आईची काळजी त्याच्या तोंडावर दिसत होती. त्यात हे कुठं घालू?

१० नोव्हेंबर

वच्छला आली अखेर! कुंपणापाशी उभी राहून रडली. म्हणाली, "मले लाज वाटे वं. माह्या पोरानं तुह्या देवाची मस्करी केली, अन् मी कोणत्या तोंडानं म्हणू, माह्यासाठी त्यालेच सांग म्हणून?"

मी म्हटलं, वेडी आहेस.

"मंग येशीन ना?"

"येईन."

"मोठ्यानं करजो. मनातल्या मनात नाही. मले ऐकू आली पायजे."

हो म्हटलं. खोटंच म्हटलं.

१३ नोव्हेंबर

दिवसभर मोठ्यानं म्हणून पाहिलं. न्हाणीत, परसात, भांडी घासताना. "हे प्रभू येशू" च्या पुढं जात नाही. पास्टरांना विचारावं का चला म्हणून? वच्छला त्यांना उभं करणार नाही. ती मोठ्या आजाराला भीत नाही, भूल घ्यायला भिते. तिला वाटतं झोपली की उठणारच नाही. आणि माझ्याशिवाय ती आत गेली नाही तर? डॉक्टर म्हणाले होते, आता उशीर नको.

प्रभू, उद्या तेवढं होऊ दे. हेसुद्धा लिहूनच सांगते आहे तुला.

१४ नोव्हेंबर

वच्छलाला स्ट्रेचरवर घेतलं. मी डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले. आवाज फुटेना. वॉर्डबॉय थांबलेला. "कर ना वं," वच्छला म्हणाली. तिचं कपाळ थंड पडलेलं. तेवढ्यात मला माझाच आवाज ऐकू आला — स्ट्रेचरच्या पलीकडून. विक्की! हात जोडून, डोळे गच्च मिटून, माझ्याच हेलात. हे प्रभू येशू... आईसाठी, सासूसाठी, म्हशीसाठी, म्हशीच्या डॉक्टरसाठी, तहसीलदारासाठी. पोराला दुसरी प्रार्थना येतच नाही. गाल ओले. कोणी हसलं नाही. ट्रकवाल्यांपाशी येऊन तो अडला. स्किट तिथंच संपतं.

पुढचं मी म्हटलं. मोठ्यानं.